फंक्शन वापरण्याआधी त्याचं पान वाचा

रोहा, पेण, नागोठणे, कोलाड या पट्ट्यातली कितीतरी मुलं-मुली दरवर्षी डिप्लोमा, बीएस्सी आयटी नाहीतर इंजिनिअरिंगला जातात. कोणी लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात, कोणी पनवेल-मुंबईकडे. पहिल्या वर्षी बहुतेकांच्या वाट्याला सी भाषा येते. हे आवाहन त्या मुलांना आहे. त्यांच्या घरच्यांनाही आहे.

सी भाषेबरोबर फंक्शन्सचा एक तयार संच मिळतो. छापायचं असेल तर प्रिंटएफ, वाचायचं असेल तर स्कॅनएफ, फाइल उघडायची तर एफओपन. त्याला स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. मुलं ही फंक्शन्स नोट्समधून पाठ करतात. पण प्रत्येक फंक्शन काय मागतं, काय परत देतं आणि कुठे दगा देतं, हे बघत नाहीत. माझा सगळा आग्रह त्या बघण्यासाठी आहे.

आधी घरच्यांशी बोलतो. मुलाला किंवा मुलीला सी शिकायचं म्हणून महागडा लॅपटॉप घेण्याची घाई करू नका. विंडोज रडतखडत चालणारा जुना लॅपटॉपही पुरतो. त्यावर लिनक्स टाकून घ्या. ते फुकट मिळतं आणि कायदेशीर आहे. मशीन नवं असेल आणि विंडोज ठेवायचंच असेल, तर विंडोजच्या आतही लिनक्स चालवता येतं. त्या सोयीला डब्ल्यूएसएल म्हणतात.

आता तुम्हा विद्यार्थ्यांशी. अजूनही बऱ्याच ठिकाणी निळ्या पडद्याचं टर्बो सी शिकवलं जातं. बोरलँड कंपनीने ते १९८७ साली काढलं. त्या काळात ते उत्तम होतं. आज घरी ते वापरू नका. त्यात इंट या प्रकारात ३२,७६७ पेक्षा मोठा आकडा मावत नाही. रोह्याचा पिनकोड ४०२१०९. तो टर्बो सीच्या इंटमध्ये भरलात तर हाती ८,८९३ उरतात. प्रोग्राम थांबत नाही. चुकीचा आकडा घेऊन पुढे जातो.

शिवाय पडदा पुसणारं सीएलआरएससीआर आणि एक कळ दाबण्याची वाट बघणारं गेटसीएच ही फंक्शन्स स्टँडर्ड लायब्ररीतली नाहीतच. ती त्या कंपनीने आपल्यापुरती दिलेली सोय होती. कोनिओ नावाची ती हेडर फाइल लिनक्सवर सापडणार नाही. तिच्याशिवाय लिहायची सवय आत्ताच लावा. कंपनीच्या मुलाखतीत त्या दोन ओळी पाहिल्या की समोरच्याला लगेच कळतं, या मुलाने टर्बो सीच्या बाहेर पाऊल टाकलेलं नाही.

लिनक्स आलं की दोन गोष्टी एकदाच बसवा. उबंटू असेल तर बिल्ड-इसेन्शियल नावाचं पॅकेज. त्यात जीसीसी हा कम्पायलर येतो. आणि मॅनपेजेस-डेव्ह. त्यात प्रत्येक लायब्ररी फंक्शनचं माहितीपान येतं. बहुतेक जण हे दुसरं बसवतच नाहीत.

या पानांसाठी इंटरनेट लागत नाही. आपल्या भागात याचं मोल मोठं आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत नंतर कैक दिवस वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. ते टोकाचं झालं. पण साध्या पावसाळ्यातही नेट जातं, हे तुम्हाला सांगायला नको. बॅटरीत जीव आहे तोवर ही पानं तुमच्या मशीनवर उघडतात.

पान उघडायचं कसं? टर्मिनलवर मॅन लिहा, मग ३ हा आकडा, मग फंक्शनचं नाव. तीनचा आकडा विसरू नका. नुसतं मॅन प्रिंटएफ लिहिलंत तर भलतंच पान येतं, कारण त्याच नावाची टर्मिनलची एक आज्ञाही आहे. तो आकडा म्हणजे पानांचा विभाग. पहिला विभाग आज्ञांचा. दुसरा थेट कर्नेलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, जाणाऱ्या हाकांचा. तिसरा लायब्ररीचा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या विभागातला फरक रोहेकरांना पटकन समजेल. रोह्यापर्यंत मध्य रेल्वे, पुढे कोकण रेल्वे. गाडी तीच, डबा तोच, बसल्या जागी काही जाणवत नाही. पण रुळांचा मालक बदललेला असतो. प्रिंटएफचंही तसंच. तुम्ही दिलेला मजकूर आधी लायब्ररी सांभाळते, मग राइट नावाच्या हाकेतून तो कर्नेलच्या ताब्यात जातो.

याचा रोजच्या कामाशी संबंध आहे. प्रिंटएफने दिलेला मजकूर लायब्ररी लगेच पुढे पाठवतेच असं नाही. स्क्रीनवर छापताना ओळ संपेपर्यंत ती थांबते. फाइलमध्ये लिहिताना बराच मजकूर साठेपर्यंत थांबते. मध्येच प्रोग्राम कोसळला तर साठलेलं तिथेच बुडतं. मग मुलं म्हणतात, "सर, प्रोग्राम या ओळीपर्यंत आलाच नाही." आलेला असतो. छापलेलं बाहेर पडलेलं नसतं. म्हणून चूक शोधताना एसटीडीईआरआरवर छापा, नाहीतर प्रत्येक छपाईनंतर एफफ्लश बोलवा. त्याने रात्रीची झोप वाचेल.

पान उघडलं की सगळं वाचायची गरज नाही. चार ठिकाणं बघा. वर हेडर फाइलचं नाव असतं. वर्गमूळ काढणाऱ्या एसक्यूआरटीसारख्या फंक्शनच्या पानावर तिथेच सांगितलेलं असतं की लिंक करताना मॅथ लायब्ररी वेगळी जोडावी लागते. मग फंक्शन किती आणि कोणत्या गोष्टी मागतं ते. मग 'रिटर्न व्हॅल्यू' हा मथळा. आणि शेवटाकडे 'बग्ज' किंवा 'नोट्स' असेल तर तो. इंग्रजी अवघड वाटलं तरी घाबरू नका. वाक्यं छोटी असतात आणि तेच तेच शब्द पुन्हा येतात. दहा पानं वाचलीत की अकरावं सोपं जातं.

पहिलं पान गेट्सचं उघडा. वर्णनाच्या सुरुवातीलाच तिथे बजावलेलं आहे की हे फंक्शन कधीही वापरू नका. कारण साधं आहे. तुम्ही वीस अक्षरांची जागा ठेवली आणि समोरच्याने दोनशे अक्षरं टाइप केली, तर गेट्स दोनशेही लिहून मोकळं होतं. शेजारच्या मेमरीत काय होतं याची त्याला पर्वा नाही. २ नोव्हेंबर १९८८ ला अमेरिकेत रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला वर्म इंटरनेटवर पसरला आणि हजारो मशीन अडली. त्याच्या शिरण्याच्या वाटांपैकी एक वाट फिंगर सेवेतल्या याच गेट्समधून जात होती. पुढे २०११ च्या सी मानकातून गेट्स काढूनच टाकलं. तरी ते नोट्समध्ये अजून आहे. तुमच्या वहीत असेल तर आजच खोडा.

त्याऐवजी एफगेट्स वापरा. त्याला जागा किती आहे ते सांगावं लागतं, आणि तेवढंच ते भरतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. एंटर दाबल्याचं चिन्हही ते ओळीसोबत आत घेतं. म्हणून कोणी रोहा टाइप केलं आणि तुम्ही स्ट्रकंपने ते रोहाशी ताडून पाहिलं तर जुळत नाही. शेवटचं ते चिन्ह आधी काढा, मग ताडा.

स्कॅनएफने शब्द वाचतानाही गेट्सचाच धोका असतो. वीसची जागा असेल तर टक्का आणि एसच्या मध्ये १९ लिहा. एक जागा शेवटच्या शून्यासाठी लागते. स्कॅनएफने आकडा वाचून लगेच एफगेट्सने नाव वाचायला गेलात तर नाव रिकामं येतं, कारण आकड्यानंतरचं एंटर मागे पडून राहिलेलं असतं. माझा सल्ला सरळ आहे. वापरणाऱ्याकडून येणारी प्रत्येक ओळ एफगेट्सने घ्या. आकडा हवा असेल तर तो त्या ओळीतून नंतर काढा.

आकडा काढणं सोपं वाटतं. तिथेच पैसे बुडतात.

समजा, तुम्ही पेणमधल्या एखाद्या गणपतीच्या कारखान्यासाठी बुकिंगचा छोटा प्रोग्राम लिहिताय. गिऱ्हाइकाचं नाव, फोन, मूर्तीची उंची, आगाऊ रक्कम. असं काम घरच्या किंवा ओळखीच्या धंद्यासाठी जरूर करा, त्यातून जे शिकाल ते प्रॅक्टिकलच्या फाइलमधून शिकणार नाही. आता काउंटरवरच्या माणसाने आगाऊ रक्कम १,२०० अशी स्वल्पविराम देऊन टाइप केली. तुम्ही ती एटूआय या फंक्शनला दिली. उत्तर येतं १. स्वल्पविराम दिसला की ते थांबतं, आणि काही बोलत नाही. त्याने देवनागरी आकड्यांत १२०० लिहिलं तर उत्तर येतं शून्य. रकमेच्या जागी चुकून नाव टाइप केलं तरी शून्यच. खरं शून्य कोणतं आणि चुकीचं कोणतं, हे एटूआय सांगू शकत नाही. हे त्याच्या पानावरच लिहिलेलं आहे.

म्हणून स्ट्रटूएल वापरा. ते आकडा देतं आणि आपण कुठे थांबलो तेही दाखवतं. ओळ संपायच्या आधी थांबलं असेल तर रक्कम स्वीकारू नका, पुन्हा विचारा. आकडा झेपण्यापेक्षा मोठा असेल तर एररनो या जागी तशी खूण ठेवतं. ती खूण बघण्याआधी, म्हणजे फंक्शन बोलवायच्या आधीच, एररनो शून्य करून घ्या.

स्ट्रटूएलला तिसरी गोष्ट द्यावी लागते, ती म्हणजे पाया. तिथे १० लिहा. काही जण ० लिहितात, म्हणजे पाया ते स्वतःच ओळखेल. ते ओळखतं, पण सीच्या नियमाने. सीमध्ये शून्याने सुरू होणारा आकडा आठच्या पायातला समजतात, आणि त्यात ८ आणि ९ नसतातच. आता आपले एसटीडी कोड घ्या. पेणचा ०२१४३. पाया ० दिलात तर त्याचे ११२३ होतात. रोह्याचा ०२१९४. तिथे ९ दिसला की वाचन थांबतं आणि हाती १७ येतात. स्कॅनएफमध्ये टक्का-आय लिहिलंत तरी हेच होतं. टक्का-डी लिहिलंत तर आकडा बरोबर येतो, पण पुढचं शून्य जातं.

यातून एक नियम स्वतःला घालून घ्या. फोन नंबर, पिनकोड, आधार, बँक खातं हे आकडे नव्हेत. त्यांची बेरीज कोणी करत नाही. ते स्ट्रिंग म्हणूनच ठेवा.

आता नावांकडे या. आपली माणसं नावं मराठीत लिहिणार, आणि लिहावीतच. पण सीचं स्ट्रलेन अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. लिनक्सवर देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना-मात्रा हीसुद्धा वेगळी चिन्हं. रोहा या शब्दात र, ओकार, ह आणि काना अशी चार चिन्हं आहेत. म्हणून स्ट्रलेन १२ सांगतं. पेणचे ९. धाटावचे १५.

दहा बाइटच्या जागेत रोहा भरून पाहा. हा प्रयोग खरोखर करा, दहा मिनिटांचा आहे. स्ट्रकॉपीने भरलंत तर ते सगळे १२ बाइट आणि वर शेवटचं शून्य लिहितं, म्हणजे तीन बाइट शेजारच्या जागेत. स्ट्रएनकॉपीला दहाची मर्यादा दिलीत तर ते दहावर थांबतं. पण कान्याचा एकच बाइट आत येतो, आणि स्ट्रिंग संपल्याचं शून्य लावायला जागाच उरत नाही. छापायला गेलात की रोह, त्यापुढे प्रश्नचिन्हाचा चौकोन, आणि त्यापुढे मेमरीत जे काही पडलं असेल ते. नावात एन आहे म्हणून ते सुरक्षित, असं समजू नका.

आता तेच एसएनप्रिंटएफने करा. जागा दहाची आहे असं सांगा. ते रोह लिहितं, शून्य लावतं आणि १२ हा आकडा परत देतं. म्हणजे ते सांगतंय, मला १२ बाइट लिहायचे होते. परत आलेला आकडा जागेइतका किंवा जागेपेक्षा मोठा असेल तर नाव कापलं गेलं, असं समजा आणि जागा वाढवा. हा परतीचा आकडा बघणारे विद्यार्थी फार थोडे. तुम्ही त्यांतले व्हा. कारण कापलेलं नाव पावतीवर छापलं गेलं तर गिऱ्हाईक कारखान्याच्या मालकाला बोलतं, आणि मालक तुम्हाला.

प्रिंटएफमध्ये रुंदी देऊन मराठी नावांचा तक्ता छापायला गेलात तर रकाने वेडेवाकडे येतील. तिथेही बाइटच मोजले जातात. त्यापेक्षा नावं शेवटच्या रकान्यात ठेवा, किंवा रकाने स्वल्पविरामाने वेगळे करून फाइल लिहा आणि ती स्प्रेडशीटमध्ये उघडा.

फाइलबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे नुकसान भरून येत नाही.

एफओपनला डब्ल्यू हे अक्षर दिलं की फाइल उघडते आणि त्याच क्षणी आधीचं सगळं पुसलं जातं. तुम्ही एक ओळही लिहिली नसली तरी. सीझनभराचं बुकिंग असंच जातं. मागे भर घालायची असेल तर ए द्या. पूर्ण यादी नव्याने लिहायची असेल तर ती वेगळ्या नावाच्या फाइलमध्ये लिहा, नीट बंद करा, आणि मग रीनेमने तिला जुन्या फाइलचं नाव द्या. युनिक्सच्या घराण्यातल्या सगळ्या मशीनवर हा बदल एका झटक्यात होतो. वाचणाऱ्याला जुनी यादी मिळते किंवा नवी. अर्धी मिळत नाही.

एफओपनने काय परत दिलं ते दरवेळी बघा. नल आलं तर फाइल उघडलेली नाही. तेव्हा पीएरर बोलवा. फाइल नाही, की परवानगी नाही, की फोल्डर चुकलं, ते एका ओळीत कळतं. नल न तपासता पुढे गेलात तर सेगमेंटेशन फॉल्ट येतो आणि तुम्ही भलतीकडे चूक शोधत बसता. मॅलॉकचंही असंच. जागा मिळाली का ते बघा, स्ट्रिंगसाठी एक बाइट जास्त मागा, काम झालं की फ्रीने परत करा, आणि परत केलेल्या जागेला पुन्हा हात लावू नका.

एफक्लोज काय परत देतं ते कोणी बघत नाही. डिस्क भरलेली असेल तर कधी कधी ते शेवटी फाइल बंद करतानाच कळतं. तोवर प्रोग्रामने 'सेव्ह झालं' असं छापलेलंही असतं. आधी एफक्लोजचं उत्तर शून्य आहे का बघा, मग छापा. आणि लाइट जाण्याची भीती असेल तर लक्षात ठेवा, एफफ्लश मजकूर कर्नेलपर्यंतच पोचवतं. डिस्कवर उतरवायला त्यानंतर एफसिंक लागतं. ते दुसऱ्या विभागात आहे.

तारखेच्या फंक्शनमध्ये दोन जागी पाय घसरतो. लोकलटाइम महिने शून्यापासून मोजतं, म्हणजे सप्टेंबर ८. आणि वर्ष १९०० पासून, म्हणजे २०२६ साल १२६. पावतीवर छापताना ही बेरीज स्वतः करू नका, स्ट्रएफटाइम वापरा. पंचेचाळीस दिवसांनंतरची तारीख हवी असेल तर दिवसात ४५ मिळवा आणि एमकेटाइमला द्या. महिना ओलांडणं, लीप वर्ष, सगळं ते सांभाळतं.

वेळ कधीही इंटमध्ये साठवू नका. टाइम हे फंक्शन १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतं. ३२ बिटांच्या जागेत हे सेकंद १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपतात. आज पहिल्या वर्षाला असलेली मुलं तेव्हा नोकरीत मुरलेली असतील, आणि आज लिहिलेला कोड कुठेतरी चालूच असेल. टाइम-टी हाच प्रकार वापरा.

कम्पायल करताना डॅश-डब्ल्यू-ऑल हा पर्याय दरवेळी द्या. तो दिला की कम्पायलर वॉर्निंग दाखवतो. वॉर्निंग आली तरी प्रोग्राम चालतो म्हणून ती सोडून देऊ नका. एकही वॉर्निंग उरली नाही की मगच प्रोग्राम झाला असं म्हणा. मेमरीची चूक सापडत नसेल तर जीसीसीला अ‍ॅड्रेस सॅनिटायझरचा पर्याय द्या. वरचा दहा बाइटवाला स्ट्रकॉपीचा प्रयोग त्याखाली चालवलात तर जागेबाहेर लिहिलं गेलं ते तो लगेच सांगतो.

इंग्रजी व्याख्यानं डोक्यावरून जात असतील तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी भाषेचे धडे मराठीतूनही आहेत. ते फुकट आहेत. नेट असेल तेव्हा उतरवून ठेवा आणि दिवा-रोहा गाडीत बघा. क्लासला पैसे भरण्याआधी हे धडे एकदा पुरे करा, ही पालकांना माझी विनंती.

राहिली परीक्षा. प्रश्नपत्रिकेत किंवा छापील प्रॅक्टिकलमध्ये गेट्स आलंच, तर प्रोग्रामचं उत्तर सांगताना जसं दिलं आहे तसं समजून सांगा, मार्क घालवू नका. पण स्वतः लिहायचा प्रोग्राम असेल तर एफगेट्सच लिहा, आणि शेजारी एका ओळीची टीप द्या की २०११ च्या मानकात गेट्स नाही. शिकवणाऱ्या सरांना किंवा मॅडमना आधी भेटून सांगा की घरी आम्ही लिनक्सवर जीसीसी वापरतो, प्रॅक्टिकलची फाइल तशी चालेल का. लॅबमधल्या एका मशीनवर लिनक्स बसवायची परवानगी मिळाली तर बसवायला स्वतः पुढे व्हा, आणि त्या मशीनवर मॅनपेजेस-डेव्ह टाकायला विसरू नका.